गाडीतलं लिनक्स आणि शिरडचा मेस्तरी

शिरड शहापूर हे औंढा-वसमत रस्त्यावरचं गाव. भगवान मल्लिनाथांच्या दर्शनाला येणाऱ्यांमुळे आणि औंढा नागनाथ करून पुढे निघालेल्यांमुळे इथे लांब-लांबच्या पासिंगच्या गाड्या दिसतात. त्यांतल्या एखाद्या नव्या गाडीच्या पडद्यावर ‘सेटिंग्ज’ उघडाव्यात, गाडीची माहिती देणाऱ्या पानावर जावं आणि खाली सरकत राहावं. बहुतेक गाड्यांत शेवटी कुठेतरी ‘ओपन सोर्स लायसन्स’ अशी ओळ सापडते. ती दाबली की बारीक इंग्रजी अक्षरांची पानंच्या पानं उलगडतात. लिनक्स कर्नल, बिझीबॉक्स, जीस्ट्रीमर, ओपनएसएसएल अशी नावं, आणि प्रत्येक नावाखाली परवान्याचा मजकूर. गाडी घेणारा ही पानं वाचत नाही आणि विकणाराही वाचत नाही.

पण त्या पानांत एक हक्क लिहून ठेवलेला आहे. पडद्यामागे चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग जगभरच्या हजारो प्रोग्रामरांनी लिहून सगळ्यांसाठी खुला केला आहे. लिनक्ससारखा प्रोग्राम खुला करताना त्यांनी अट घातली आहे की तो ज्याच्या हाती जाईल त्याला त्याचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, मिळाला पाहिजे, त्यात बदल करता आला पाहिजे आणि तो पुढे देता आला पाहिजे. गाडीबरोबर हा प्रोग्राम मालकाच्या हाती येतो, म्हणजे हक्कही त्याच्याकडे येतो. गाडी कंपन्यांनी मात्र लिनक्सचं आयतं मिळालेलं काम गाडीत बसवलं आणि त्याच्यासोबतचा हक्क त्या पानावरच ठेवला. पुण्यातल्या पहिल्या मालकाला याचा फारसा फटका बसत नाही, कारण गाडी वॉरंटीत असते आणि सर्व्हिस सेंटर हाकेच्या अंतरावर असतं. फटका बसतो तो हिंगोली जिल्ह्यातल्या तिसऱ्या मालकाला आणि त्याची गाडी चालती ठेवणाऱ्या मेस्तरीला. म्हणून गाडीतल्या खुल्या सॉफ्टवेअरची चर्चा हिंजवडीच्या सभागृहात जेवढी होते, तेवढीच ती शिरडच्या गॅरेजात उभं राहून झाली पाहिजे, असं मला वाटतं.

कंपन्या लिनक्सकडे वळल्या त्याचं कारण सरळ व्यवहाराचं होतं. रेडिओ, ब्लूटूथ, नकाशा, मागचा कॅमेरा यांच्या खाली लागणारा पाया प्रत्येक कंपनी वेगळा बांधत होती किंवा क्यूएनएक्ससारखी बंद प्रणाली विकत घेत होती. त्या पायावरून कुणी गाडी निवडत नाही. मग तो एकत्र बांधला तर काय बिघडलं? या विचारातून २००९ मध्ये बीएमडब्ल्यू, जनरल मोटर्स वगैरेंनी जेनिव्ही ही संघटना काढली. २०१२ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ सुरू झालं. त्याच्या पहिल्या सदस्यांत टोयोटा आणि निसानबरोबर जग्वार लँड रोव्हर होती, आणि ती २००८ पासून टाटांची आहे. २०१७ मध्ये टोयोटाने कॅमरीत हे लिनक्स आणत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी गूगलने ऑडी आणि व्होल्व्होबरोबर गाडीत मुरलेल्या अँड्रॉइडची घोषणा केली. त्या अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सच आहे. टेस्लाचा पडदा लिनक्सवर चालतो. हिंजवडीच्या केपीआयटीसारख्या कंपन्यांचा तर सगळा धंदाच गाडीच्या सॉफ्टवेअरवर उभा आहे, आणि परभणी-हिंगोली-नांदेडकडची इंजिनीअर झालेली मुलं आज अशाच कामांत आहेत. तेव्हा हे तंत्र आपल्याला परकं राहिलेलं नाही.

मग हक्क अडला कुठे? परवान्याच्या दोन आवृत्त्यांमध्ये. लिनक्स ज्या जीपीएल परवान्याखाली मिळतं त्याची दुसरी आवृत्ती १९९१ची. पुढे अमेरिकेत टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणारी टिव्हो नावाची पेटी निघाली. ती लिनक्सवर चालायची आणि कंपनी नियमाप्रमाणे सोर्स कोडही द्यायची. पण कोडमध्ये एक अक्षर बदलून तो परत पेटीत घातला की पेटी चालायला नकार द्यायची, कारण त्यावर कंपनीची डिजिटल सही नसायची. परवाना अक्षरशः पाळला गेला होता आणि त्याचा हेतू पूर्ण हरला होता. म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००७ मध्ये तिसरी आवृत्ती आणली. घरगुती वापराच्या यंत्रात असं सॉफ्टवेअर असेल तर बदललेला प्रोग्राम त्या यंत्रात बसवण्यासाठी लागणारी माहितीही मालकाला द्यावी लागेल, अशी तिची अट आहे. लिनक्सचे जनक लिनस टोर्वाल्ड्स यांनी ही अट मानली नाही आणि लिनक्स दुसऱ्या आवृत्तीवरच राहिलं. यंत्र कसं बांधायचं हे यंत्र बांधणाऱ्याने ठरवावं, ही त्यांची भूमिका प्रोग्रामर म्हणून मला समजते. पण तिचा परिणाम पडद्यापलीकडे गेला. गाडी कंपन्या तिसऱ्या आवृत्तीच्या वाऱ्यालाही उभ्या राहत नाहीत आणि दुसऱ्या आवृत्तीचं लिनक्स मनमुराद वापरतात.

दुसऱ्या आवृत्तीचं पालनही सगळेच करतात असं नाही. सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी या अमेरिकी संस्थेने बरीच वर्षं पाठपुरावा केल्यावर टेस्लाने २०१८ मध्ये कोडचा काही भाग खुला केला. याच संस्थेने २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनीला जाहीर आवाहन केलं की तुमच्या यंत्रांतल्या जीपीएल सॉफ्टवेअरचा सोर्स कोड शेतकऱ्यांना द्या. हे नाव आपल्याकडे अनोळखी नाही. त्या कंपनीचा कारखाना पुण्याजवळ सणसवाडीला आहे आणि तिचे हिरवे ट्रॅक्टर मराठवाड्यात गावोगाव दिसतात.

ट्रॅक्टरचं नाव निघालंच आहे, तर गाडीतल्या बंद सॉफ्टवेअरचा प्रश्न शिरडमध्ये मोटारीआधी ट्रॅक्टरलाच लागू होतो. हा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यांचा, ऊस आणि हळदीचा पट्टा. कार घरी नसली तरी चालतं, ट्रॅक्टरशिवाय चालत नाही. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले. त्याबरोबर डिझेलचा पंप इलेक्ट्रॉनिक झाला, सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणारी यंत्रणा आली आणि या सगळ्यावर देखरेख ठेवणारा संगणक आला. गॅरेजात त्याला ईसीएम म्हणतात. त्याआधीचा ट्रॅक्टर मेस्तरी पान्याने आणि कानाने दुरुस्त करायचा. काळी-पिवळी जीपही तशीच, अर्ध्या वाटेत बंद पडली तरी प्रवासी खाली उतरवून तिथल्या तिथे चालू व्हायची.

आता होतं ते असं. उसाचा हंगाम. ट्रॉली भरलेली, ट्रॅक्टरच्या मीटरवर पिवळी लाइट लागते आणि इंजिन ओढायचं सोडून देतं. मेस्तरी स्कॅनर लावतो. स्कॅनर सांगतो की एक्झॉस्टकडचा एक सेन्सर गेला. मेस्तरी तो सेन्सर नांदेडहून मागवतो, बसवतो, वायरिंग तपासतो. काम चोख झालेलं असतं. तरी लाइट जात नाही आणि ताकद येत नाही, कारण नवा सेन्सर ईसीएमने ‘ओळखला’ पाहिजे आणि तशी ओळख करून द्यायला कंपनीचा लॅपटॉप लागतो. तो ज्याच्याकडे आहे तो इंजिनीअर आज दुसऱ्या तालुक्यात असतो. “उद्या येतो, दादा,” तो म्हणतो, आणि त्याच्याही डोक्यावर कामांचा डोंगर असतो. इकडे तोडलेला ऊस उन्हात पडून राहतो. तोडीनंतरच्या प्रत्येक तासाला उसाचं वजन घटतं, साखर घटते आणि वजनातली घट शेतकऱ्याच्या बिलातून जाते. बिघडलेला भाग बदलून झालेला असतो, अडलेली असते फक्त परवानगी.

यातून गॅरेजवाल्याने काढलेला मार्ग मला फार अस्वस्थ करतो. जुना लॅपटॉप, बाजारातून मिळवलेलं चोरीचं डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर आणि एक डोंगल. त्यात काय-काय लपलेलं आहे हे त्यालाही माहीत नसतं. आयुष्यभर इमानाने कष्ट केलेल्या माणसाला स्वतःचा धंदा चालू ठेवण्यासाठी चोरीचा माल वापरावा लागतो, कारण चोख मार्गाने ते मिळण्याची सोयच त्याच्यासाठी ठेवलेली नाही. सुरक्षेच्या नावाने ज्या यंत्रणा बंद ठेवल्या जातात, त्यांच्यात शेवटी कुणी न तपासलेला, कुठून आला ते ठाऊक नसलेला प्रोग्राम शिरतो. यात कुणाची सुरक्षा साधली?

मेस्तरीच्या हातात जो स्कॅनर आहे तोही कंपन्यांच्या औदार्याने आलेला नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या धुराविरुद्धच्या लढाईतून गाडीनेच आपला बिघाड सांगायची ओबीडी ही पद्धत उभी राहिली आणि १९९६ पासून तिथल्या प्रत्येक नव्या कारला ठरलेल्या आकाराचं पोर्ट आणि प्रदूषणाशी संबंधित बिघाडांचे ठरलेले क्रमांक सक्तीचे झाले. म्हणून कुठल्याही कंपनीची गाडी कुणाच्याही स्कॅनरला उत्तर देते. भारताने हीच वाट नंतर धरली. जगभरची स्वतंत्र गॅरेजं या एका सक्तीवर टिकली. पण ती सक्ती धुरापुरती होती. बाकीच्या बिघाडांचे क्रमांक, सेन्सरची ओळख, चावीची जुळणी, नव्या भागांची नोंद या सगळ्या गोष्टी कंपन्यांनी आपापल्या कुलपात ठेवल्या.

आपल्याकडेही हा झगडा झाला आहे. २०१४च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि डायग्नोस्टिक साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं हा आक्षेप होता, आणि यादीत परदेशी कंपन्यांबरोबर टाटा आणि महिंद्राही होत्या. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. २०२२च्या डिसेंबरात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल काढलं आणि त्यात शेतीची अवजारं व वाहनं ही दोन्ही क्षेत्रं घेतली. पाऊल चांगलं आहे. पण पोर्टलवर माहिती द्या असं सांगणं वेगळं आणि न दिल्यास गाडी विकता येणार नाही असं सांगणं वेगळं. कॅलिफोर्नियाने दुसरं केलं होतं.

गाडीला सिम कार्ड लागल्यावर प्रश्न आणखी पुढे सरकला. आता कंपनीला पोर्टचीही गरज उरली नाही. बिघाडाची बातमी गाडीतून थेट सर्व्हरवर जाते आणि मेस्तरीचं पोर्ट हळूहळू रिकामं होत जातं. हे ओळखून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये सुमारे ७५ टक्के मतांनी कौल दिला की गाडी हवेतून जी दुरुस्तीची माहिती पाठवते ती मालकाला आणि त्याने नेमलेल्या गॅरेजलाही मिळावी. कंपन्यांच्या संघटनेने कोर्टात धाव घेतली आणि हा खटला अनेक वर्षं चालला.

सर्व्हरवर टांगलेल्या गाडीचं काय होतं ते फिस्करच्या मालकांनी पाहिलं. अमेरिकेतली ही विजेच्या गाड्यांची कंपनी २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली. हजारो ‘ओशन’ गाड्या रस्त्यावर होत्या, चाकं शाबूत, बॅटरी शाबूत. पण त्यांचे अपडेट, त्यांचं अ‍ॅप, त्यांची दुरुस्ती हे सगळं कंपनीच्या सर्व्हरशी बांधलेलं होतं. मालकांनी संघटना काढली, सॉफ्टवेअर उलगडून बघायला सुरुवात केली आणि गाड्या जिवंत ठेवण्यासाठी स्वतःच झुंजले. उरलेल्या गाड्या घाऊक भावात घेणाऱ्या न्यूयॉर्कच्या, टॅक्सीचालकांना गाड्या भाड्याने देणाऱ्या कंपनीसमोरही तोच पेच आला, की गाड्या आपल्या आणि त्यांचा सर्व्हर दुसऱ्याचा. २०२२ मध्ये अमेरिकेत थ्रीजी बंद झालं तेव्हा काही वर्षांपूर्वीच्याच अनेक गाड्यांच्या जोडणीच्या सोयी एका दिवसात मेल्या. आणि त्याच वर्षी युक्रेनमधल्या मेलिटोपोलच्या विक्रेत्याकडून रशियन सैनिकांनी पळवलेले जॉन डिअरचे ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर दुरून बंद करण्यात आले. तेव्हा चोरावर कुलूप पडलं याचा सगळ्यांना आनंद झाला आणि मलाही झाला. पण हजार किलोमीटरवरून ट्रॅक्टर बंद करणारं बटन जगात कुठेतरी आहे, हेही त्या दिवशी कळलं. ते कोणत्या अटीवर दाबायचं हे शेतकऱ्याला विचारून ठरलेलं नाही.

आपल्याकडे खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं असतं आणि गाड्या त्यानंतरही फिटनेस काढून चालतात. पुण्या-मुंबईत पाच-सात वर्षं चाललेली गाडी मराठवाड्यात येते आणि इथे तिचं दुसरं आयुष्य सुरू होतं. फोनचं सॉफ्टवेअर किती वर्षांत वाऱ्यावर सोडलं जातं ते सगळ्यांना माहीत आहे. गाडीतल्या पडद्याच्या खालीही तेच अँड्रॉइड किंवा लिनक्स आहे, त्यालाही सुरक्षेच्या त्रुटी भरून काढाव्या लागतात आणि त्या भरणाऱ्या कंपनीला जुन्या मॉडेलमध्ये रस उरत नाही. जुन्या फोनना लाइनेजओएससारख्या खुल्या प्रणालींनी अनेक वर्षं जगवलं, कारण अँड्रॉइडचा कोड हाती होता आणि बऱ्याच फोनांचं कुलूप काढता येत होतं. गाडीचं कुलूप निघत नाही. म्हणजे ज्या वयात गाडी शिरडला येते, नेमक्या त्याच वयात तिचा आतला संगणक अनाथ होतो.

खुलेपणाची गरज मालकापुरती नाही, सरकारलाही आहे. २०१५च्या सप्टेंबरात फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली. चाचणी चालू आहे हे इंजिनातलं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरता धूर साफ करायचं. जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेने तपासण्या केल्या आणि त्या वर्षाअखेर कंपनीने भारतातल्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावण्याची घोषणा केली. यांत चाकणच्या कारखान्याच्या गाड्या होत्या आणि संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याला ज्या स्कोडाचा कारखाना आहे तीही याच समूहातली. लबाडी पकडली कशी? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या चमूने यंत्रं गाडीत ठेवून गाडी प्रत्यक्ष रस्त्यावर चालवली, आणि प्रयोगशाळेतला व रस्त्यावरचा धूर जुळेना. कोड कुणालाच बघता येत नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने मात्र गाडीचं सॉफ्टवेअर मालकांना तपासू देण्याला विरोध केला होता, लोक त्यात ढवळाढवळ करून प्रदूषण वाढवतील म्हणून. लोकांपासून जपलेल्या त्याच कुलपामागे कंपनीची फसवणूक सुखरूप होती.

याच फोक्सवॅगनच्या संशोधन विभागाने गाडीतल्या संगणकांचं आपसातलं बोलणं, म्हणजे कॅन बसवरचे संदेश, वाचण्याची सोय लिनक्सला दिली होती. सॉकेटकॅन नावाची ही सोय २००८ पासून लिनक्स कर्नलमध्ये आहे आणि कुणीही फुकट वापरू शकतं. एका स्वस्त अ‍ॅडॉप्टरवर आणि जुन्या लॅपटॉपवर आयटीआयचा विद्यार्थी आज ती शिकू शकतो. म्हणजे कंपन्यांच्या आतले इंजिनीअर खुलेपणाचं मोल जाणतात. हात आखडतो तो विक्री आणि सर्व्हिसच्या हिशेबाशी आल्यावर.

आणि शिरडच्या तालुक्याला तर खुलेपणाचं मोल सांगायचीही गरज पडू नये. औंढा तालुक्यातच लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहत आहे. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने त्यासाठी सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांत प्रोटॉनहूनही कितीतरी सूक्ष्म हालचाल मोजायची. अमेरिकेतल्या लायगोने २०१५च्या १४ सप्टेंबरला गुरुत्वीय लहर पकडली तेव्हा जगाचा त्यावर विश्वास बसला, कारण मोजमापाची माहिती पुढे सर्वांसाठी खुली झाली आणि विश्लेषणाचे प्रोग्राम जीपीएल परवान्याखाली कुणालाही तपासता येतात. विश्वाबद्दलचं विधान तपासू दिल्याशिवाय मानायचं नाही, हा नियम तालुक्याच्या एका टोकाला असेल. त्याच तालुक्यातल्या शेतात उभ्या ट्रॅक्टरने “सेन्सर गेला” म्हटलं तर ते मात्र तपासू न देता मानायचं?

विरुद्ध बाजूचा मुद्दा गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. गाडी म्हणजे फोन नव्हे. ब्रेकचा कोड कुणी चुकीचा बदलला तर माणसं मरतील, शेजारून जाणारीही. हे खरं आहे. म्हणूनच ब्रेक, एअरबॅग, स्टिअरिंग यांचे संगणक वेगळे असतात, त्यांच्यावर लहान आणि वेळेला पक्क्या प्रणाली चालतात आणि त्यांना आयएसओ २६२६२ सारख्या मानकांतून जावं लागतं. मुळातलं लिनक्स त्या कामासाठी बनलेलं नाही. त्याला त्या पात्रतेला आणण्यासाठी २०१९ पासून लिनक्स फाउंडेशनचा एलिसा नावाचा प्रकल्प झटतो आहे आणि काम सोपं नाही. ब्रेकच्या कोडमध्ये कुणीही हात घालावा असं मी म्हणत नाही. पण वाचणं आणि बदलणं यांत फरक आहे. बिघाडाचा अर्थ वाचणं, बदललेल्या भागाची ओळख करून देणं, पडद्यावरची प्रणाली नवी करणं आणि आपली माहिती सर्व्हरकडे जाणं थांबवणं, यांतल्या कशानेही ब्रेक निकामी होत नाही.

बंद ठेवल्याने सुरक्षा येते हाही अनुभव नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोघांनी अमेरिकेत हमरस्त्यावर चालू असलेली जीप चेरोकी घरी बसून ताब्यात घेतली आणि तिचं ट्रान्समिशन निकामी करून दाखवलं. तिच्या पडद्याखाली बंद क्यूएनएक्स होतं. मोबाइल जाळ्यावरून आत यायचं एक दार उघडं राहिलं होतं आणि ते कंपनीच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. १४ लाख गाड्यांसाठी दुरुस्ती काढावी लागली, पेन ड्राइव्ह टपालाने पाठवावे लागले. दोन वर्षांनी याच जीप ब्रँडची ‘कंपास’ ही गाडी आपल्या रांजणगावात बनायला लागली.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. खुला कोड आपोआप निर्दोष होत नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली हार्टब्लीड ही त्रुटी सापडली, ती दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. २०२४च्या मार्चमध्ये तर एक्सझेड नावाच्या छोट्या प्रोग्राममध्ये कुणीतरी सहकारी म्हणून शिरून, वर्षानुवर्षं विश्वास कमावून चोरदरवाजा बसवला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरने, सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून. त्याला शंका आली आणि त्याने आत जाऊन पाहिलं. जीपच्या मालकाला शंका आली असती तरी आत जाऊन पाहता आलं नसतं. खुल्या कोडची हमी एवढीच आहे, आणि मला ती पुरेशी वाटते. अर्थात त्याला पैसे लागतात. ज्या एकट्या-दुकट्या प्रोग्रामरांच्या श्रमावर कोट्यवधींच्या गाड्या चालतात त्यांना पगारी आधार देणं हेही कंपन्यांनी आपलं कर्तव्य मानलं पाहिजे.

बदल करू देण्याचा प्रश्न तर आपल्या कायद्याने आधीच हाताळला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करता येणार नाही. आणि तरीही सीएनजी किट बसवता येतं. मंजूर किट, अधिकृत बसवणारा, आरटीओची तपासणी आणि आरसीवर नोंद. पेट्रोलच्या गाडीत दाबाखालच्या वायूची टाकी बसवण्याइतका धोक्याचा बदल आपण नियम करून सामान्य गॅरेजच्या हाती दिला. सॉफ्टवेअरच्या बदलाला तीच वाट चालेल. कंपनीने पाठ फिरवलेल्या गाडीवर तपासलेली खुली प्रणाली कुणी बसवली, त्याची नोंद झाली आणि अपघातात जबाबदारी कुणाची हे ठरलं, तर यात न झेपण्यासारखं काही नाही.

माहितीचा मुद्दा मी थोडक्यात मांडतो, कारण तो सरळ आहे. मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँडचे खासगीपणाचे नियम तपासले आणि एकही उत्तीर्ण झाला नाही. २०२४च्या अखेरीस फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विजेच्या गाड्यांची माहिती, बऱ्याच गाड्यांच्या ठावठिकाण्यासह, इंटरनेटवर उघडी पडलेली सापडली. गाडी आपल्याबद्दल काय पाठवते हे मालकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आलं पाहिजे. कंपनीच्या निवेदनावर विसंबून ते कळत नाही.

खुलेपणाची सक्ती भारतात चालते का, असं विचारणाऱ्याने एआयएस-१४० हे मानक पाहावं. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस-टॅक्सींना ठावठिकाणा सांगणारं यंत्र आणि संकटाचं बटन सक्तीचं झालं. या मानकात संदेश कोणत्या साच्यात पाठवायचा ते लिहिलेलं आहे आणि ते कुणालाही वाचता येतं. म्हणून अनेक कंपन्यांची यंत्रं एकाच सरकारी केंद्राशी बोलू शकतात आणि कुणा एकाची मक्तेदारी होत नाही. हे मानक पुण्याच्या एआरएआयच्या माध्यमातून झालं. तिथेच गाड्यांच्या सायबर सुरक्षेचं एआयएस-१८९ आणि सॉफ्टवेअर अपडेटचं एआयएस-१९० यांचं काम झालं आहे. कंपनीने अपडेट सुरक्षितपणे कसे द्यावेत हे त्यांत आहे. अपडेट देणं थांबवल्यावर काय करावं हेही त्यांत आलं पाहिजे, म्हणजे त्या मॉडेलच्या पडद्याच्या प्रणालीचा कोड आणि सहीची चावी एखाद्या सार्वजनिक संस्थेकडे जमा करणं. ती संस्था एआरएआय असायला हरकत नाही.

राज्याच्या हातातही पुष्कळ आहे. ट्रॅक्टर आणि अवजारांवर महाडीबीटीतून अनुदान जातं, आणि अनुदानाच्या यादीत यायचं तर यंत्राला मध्य प्रदेशातल्या बुदनीसारख्या अधिकृत केंद्राचा चाचणी अहवाल लागतो. तिथे ओढण्याची ताकद मोजतात, डिझेलचा खप मोजतात. त्याच अहवालात आणखी एक रकाना असावा: बिघाडांचे सगळे क्रमांक अर्थासह जाहीर आहेत का, आणि बदललेल्या भागाची ओळख ईसीएमला करून देण्याचं साधन स्वतंत्र गॅरेजला रास्त किमतीत मिळतं का. उत्तर ‘नाही’ असेल तर अनुदान नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेल्या ट्रॅक्टरचं कुलूप खासगी का असावं? एसटीने २०२३ मध्ये ५,१५० विजेच्या बसगाड्यांसाठी करार केला. बसगाड्यांच्या पुढच्या प्रत्येक निविदेत हीच अट घालता येईल. केंद्राचं खुल्या सॉफ्टवेअरचं धोरण २०१५ पासून आहे, पण ते सरकारी कचेऱ्यांतल्या संगणकांना डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं आहे. आता बसही संगणकच आहे.

संभाजीनगरजवळ बिडकीनच्या पट्ट्यात अथर आपल्या विजेच्या स्कूटरचा कारखाना आणते आहे आणि तिच्या पडद्याखाली अँड्रॉइडचा खुला कोड आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने त्याच परिसरात सुमारे २० हजार कोटींच्या गुंतवणुकीसाठी राज्याशी सामंजस्य करार केला, आणि ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्सचा मोठा आधारस्तंभ टोयोटाच आहे. मराठवाड्याची जमीन, पाणी आणि करसवलती मिळवणाऱ्या या कंपन्यांकडे राज्याने नोकऱ्यांची संख्या जशी मागितली, तशी मराठवाड्यातल्या आयटीआयसाठी डायग्नोस्टिक माहिती आणि सरावाची यंत्रंही मागावीत. औंढा आणि वसमतच्या मोटार मेकॅनिक, ट्रॅक्टर मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना लिनक्स आणि कॅन बस शिकवायला फारसा खर्च येत नाही. पुढच्या हंगामात ट्रॉलीपुढे पिवळी लाइट लागलेला ट्रॅक्टर उभा राहील, तेव्हा ते काम त्यांच्यापैकी एकाला तिथल्या तिथे, उघडपणे आणि कायद्याने करता येईल, एवढी तजवीज आज करता येण्यासारखी आहे.